कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी

रात्री वाटीभर मूग भिजत घातले की सकाळी ते टम्म फुगलेले असतात. त्यातला एकच दाणा घ्या. वजन सुमारे ४० मिलिग्रॅम. किलोभर मुगात असे २५ हजार दाणे. फुगताना हा दाणा जवळपास स्वतःच्या वजनाइतकं पाणी पितो. त्या पाण्याचे रेणू मोजले तर भरतात कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी, आणि वर आणखी काही. एकावर एकवीस शून्यं. एका दाण्यात!

एवढं पाणी लागतं कशाला? दाण्यात शिदोरी भरपूर असते, पण सगळी कुलूपबंद: पिष्ट, प्रथिनं, फायटिक आम्लात अडकलेला फॉस्फरस. ही कुलपं उघडतात विकरं, म्हणजे एन्झाइम. आणि त्यांनी तोडलेल्या जवळजवळ प्रत्येक बंधामागे पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो.

विकरं नसती तर? अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड वुल्फेंडन यांनी आयुष्यभर हाच हिशेब मांडला. २५ अंशांच्या नुसत्या पाण्यात प्रथिनांतले निम्मे बंध तुटायला काही शतकं लागतात. पिष्टातल्या बंधांना पन्नास लाख वर्षांच्या आसपास. फॉस्फेटच्या एका प्रकारच्या बंधाला तर एक लाख कोटी वर्षं; आपल्या विश्वाचं वय आहे १,३८० कोटी! २००३ साली त्यांनी दाखवलं, की अशा बंधांवरची विकरं हा वेग वाढवतात तो कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी पटींनी. आकडा तोच यावा हा योगायोग, पण मला तो फार आवडतो. तेही चुलीशिवाय, ओल्या फडक्यात.

आता पावसाने ओढ दिली तर? कोरड्या दाण्याची पाण्याची ओढ हवेच्या दाबाच्या हजार पटींच्या घरात असते. उभी पिकं सुकतात ती माती पाणी धरून ठेवते साधारण १५ पट दाबाने. त्यामुळे जेमतेम ओलीतूनही बी पाणी खेचतं, पण भिजेल तशी त्याची ओढ ओसरते. प्रयोगशाळेत नुसत्या ५ पटींच्या ताणाखालीही पिष्ट फोडणारी अमायलेजसारखी विकरं मंदावतात आणि कोंब रेंगाळतो. श्वसन सुरू झालेलं असतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं. ते निस्तरणाऱ्या कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला त्याचे लाखो रेणू मोडू शकतो, तरी ताण लांबला की तोही पुरा पडत नाही.

कोंब फुटण्याआधी बी वाळलं तर पुढच्या सरीला बहुधा पुन्हा उठतं. कोंब बाहेर आल्यावर वाळलं, तर संपलं. मराठवाड्यात मृगाच्या पहिल्या सरीवर मूग पेरावा आणि लगेच पंधरा दिवसांची उघडीप पडावी, तेव्हा हेच होतं. एकरी सहा किलो धरलं तर दीड लाख दाणे. मग दुबार पेरणीसाठी नवी पिशवी.