बधिर पायांसाठी साच्यावरची पादत्राणे

कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी झाले की तळपाय बधिर होतो. खडा टोचला, चप्पल काचली तरी वेदना होत नाही. चालणे सुरूच राहते आणि जखम चिघळते. १९४६ साली वेल्लोर येथे रुजू झालेले डॉ. पॉल ब्रँड यांनी या व्रणांचे मूळ संवेदनाहीनतेत असल्याचे दाखवून दिले. मधुमेही व्यक्तींच्या बधिर पायांनाही हाच धोका संभवतो.

पाय विरूप झाला असल्यास तयार पादत्राण चालत नाही. पायाचा साचा घ्यावा लागतो. पायावर पातळ मोजा चढवून, छेदाच्या जागी संरक्षक पट्टी ठेवून प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. घट्ट होताना प्लॅस्टर तापते व रुग्णास चटका कळत नाही. म्हणून गरम पाणी वापरीत नाहीत. छेद देऊन काढलेल्या साच्यात प्लॅस्टर ओतून पायाची प्रतिकृती घडवितात. जेथे दाब टाळावयाचा, तेथे प्रतिकृतीवर थोडे प्लॅस्टर चढवितात. तीवरून केलेल्या मऊ तळात तेवढीच पोकळी राहते.

तथापि, असे पादत्राण वापरतानाही तळपाय रोज तपासलाच पाहिजे. वेदनेचे काम येथे नजरेने करावयाचे असते. बधिर पायांनी अनवाणी चालणाऱ्या ग्रामस्थास वेळीच आरोग्य केंद्रात पाठविणे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांना सहज साधणारे कार्य आहे.