हिरवा बर्फ, हिरवी तलवार

'स्टार वॉर्स'चा नायक ल्यूक स्कायवॉकर याची पहिली प्रकाश-तलवार निळी. हिरवी त्याच्या हाती येते ती १९८३च्या तिसऱ्या भागात. पण २००४ साली 'स्टार वॉर्स'ची डीव्हीडी आली आणि पहिल्याच सिनेमात, यानातल्या सरावाच्या दृश्यात, तलवार चक्क हिरवी! चाहते खवळले ते उगाच नाही. पेत्र हारमाचेक या चेक चाहत्याने निरनिराळ्या प्रती जोडून मूळ सिनेमाच्या जवळ जाणारी 'डीस्पेशलाइज्ड एडिशन' घडवली. पुढे एका गटाने १९७७च्या ३५ मिमी टेक्निकलर प्रिंटवरून '४के७७' तयार केली.

टेक्निकलरच का? जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग, म्हणजे सायन, सगळ्यांत आधी उडतो. मग उरतो तो गुलाबी-तांबूस सिनेमा. टेक्निकलरचे रंग छापखान्यातल्यासारखे एकावर एक फिल्मवर छापले जात आणि ते कमालीचे टिकत. नव्वदच्या दशकात मूळ निगेटिव्ह दुरुस्त करतानाही रंग ताडून पाहायला दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकसकडची टेक्निकलर प्रतच कामी आली.

आता रंग दुरुस्त करण्याचं प्रत्यक्ष काम. आधी पडद्यावर पांढरी असायलाच हवी अशी एखादी वस्तू शोधायची. 'स्टार वॉर्स'मध्ये सैनिकांचं चिलखत आहेच! त्यावर लाल, हिरवा, निळा यांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. लाल चढला असेल तर उतरवायचा. पण पांढऱ्यातली झाक गेली तरी अंतराळाच्या काळ्यात ती तशीच दडून असते, म्हणून उजेड, मधला भाग आणि सावली अशा तीन ठिकाणी वेगवेगळा हात फिरवावा लागतो. तोही शॉटगणिक. आणि टॅटूइन ग्रहावर दोन सूर्य मावळताना कुणी पांढरं पांढरंशुभ्र करायला गेलं, तर संध्याकाळच पुसली जाते. माझ्या मते खरी कसोटी इथेच: यंत्राचा आकडा कधी ऐकायचा नाही, हे कळणं.

चेहरे मोठे मदतीला येतात. गोरी, सावळी, काळी, त्वचा कुठलीही असो, रंग मोजणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर ती लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एकाच रेषेच्या आसपास पडते!

आणखी एक गंमत. थिएटरच्या प्रिंट झेनॉन दिव्यासाठी, सुमारे ५४०० केल्व्हिनला बेतलेल्या असत. घरचा टीव्ही ६५०० केल्व्हिनला बेतलेला, म्हणजे जास्त निळसर. स्कॅन जसंच्या तसं दाखवलं म्हणजे थिएटरचा रंग मिळाला, असं नाही.

रंगाची ही दुखणी एकट्या 'स्टार वॉर्स'ची नाहीत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाची २०११ची ब्लू-रे आली आणि डोंगरातल्या बर्फालाही हिरवी झाक! चाहत्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या. २०२०च्या ४के आवृत्तीत ती झाक गेली. 'मॅट्रिक्स'ची गोष्ट नाजूक, कारण तिथे हिरवा रंग मुळातच हवा आहे. फक्त १९९९मध्ये तो बेताचा होता, नंतरच्या डिस्कवर भडक झाला. छायालेखक बिल पोप यांच्या देखरेखीखाली २०१८मध्ये तो पुन्हा आवरला गेला.

मात्र एखाद्या रंगाचा तपशील डिस्कवर आधीच कापला गेला असेल, तर कितीही बटणं फिरवा, तो परत येत नाही. म्हणून जाणते चाहते बारकावे ब्लू-रेमधून घेतात आणि रंग ताडायला जुनी प्रिंट शेजारी ठेवतात.