तेल्हाऱ्याची आजी, थिबाचा समुद्र

वीकएन्डला कोकण म्हटलं की आपली गँग ठरलेली. दोन कार, एक स्पीकर, सुरमई थाळी आणि तीनशे फोटो! या वेळी मात्र माझ्यासोबत होती माझी शहात्तर वर्षांची आजी. तेल्हाऱ्याची. आबाजी गेल्यावर बाबांनी तिला पुण्याला आणलं, गावच्या घराला कुलूप लागलं, त्याला आता दोन वर्षं झाली. आजीनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. म्हटलं चला, आंबा घाट उतरून रत्नागिरी!

गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता धरा आणि आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवा. खाली एकाशेजारी एक असे दोन लांबलचक किनारे, मागे सुरूचं बन आणि आडदिवशी गेलात तर माणूस औषधालाही नाही. (पोहायचा मोह मात्र आवरा. इथल्या पाण्यानं जीव घेतलेत.) आजी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं आणि म्हणाली, ‘‘हे तं आपल्या विहिरीवानीच खारट हाये वं!’’

मी हसले, पण ती जोक करत नव्हती. तेल्हारा खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या कितीतरी गावांच्या विहिरींना खारंच पाणी लागतं. वान धरणाचं पाणी नळाला येईपर्यंत आजीचा अर्धा दिवस गोडं पाणी आणण्यात जायचा. त्यामुळे समुद्राचं तिला कौतुक वाटलं ते त्याच्या आकाराचं, चवीचं नाही!

दुसऱ्या दिवशी रत्नागिरी शहर. इथे ‘काळा समुद्र’ आणि ‘पांढरा समुद्र’ आहेत, ही माहिती मला तिथे गेल्यावर कळली. नावं वाळूच्या रंगावरून. मांडवीची वाळू काळी, रत्नदुर्गाच्या पलीकडची पांढरी. आजीला अर्थातच काळी आवडली. वऱ्हाडची माणसं!

मग थिबा पॅलेस. जांभ्या दगडाचा, कमानदार खिडक्यांचा वाडा, आत सरकारी म्युझियम. (सोमवार टाळा.) जुनी शिल्पं, राजाच्या काही वस्तू... दहा मिनिटांत उरकता येईल असं वाटतं. पण गोष्ट कळली की पाय निघत नाही. थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि १८८६ मध्ये राजा-राणीला रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, कोणी सहज पोहोचेल असं गावच नव्हतं. (दिल्लीच्या बहादूरशहा जफरला याच इंग्रजांनी आधी रंगूनला धाडलं होतं. अदलाबदलच म्हणायची!) आधी बंगल्यात, मग १९१० मध्ये बांधलेल्या या वाड्यात. जेमतेम सहा वर्षं तो इथे राहिला. १९१६ मध्ये गेला, तो परत न जाताच. मंडाले इरावतीच्या काठी, समुद्रापासून कोसो दूर. आणि इथे तीस वर्षं रोज समोर समुद्र! जवळच्या थिबा पॉइंटवर आपण सनसेटचे फोटो काढतो, तेव्हा हे डोक्यात येत नाही. राणी १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली. राजाची समाधी रत्नागिरीतच आहे. त्याची नात टूटू तर इथेच संसार करून, मराठी बोलत म्हातारी झाली आणि २००० मध्ये इथेच गेली.

हे सगळं मी आजीला वऱ्हाडीत सांगत होते. ती खिडकीच्या रंगीत काचेला हात लावून उभी.

‘‘राजा व्हता, मंग वापस काहून नाई गेला?’’

‘‘जाऊ दिलं नाही.’’

‘‘कोनं?’’

‘‘इंग्रजांनी.’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पायऱ्या उतरताना माझा हात धरून म्हणाली, ‘‘मले कोन्या इंग्रजानं अडवलं वं?’’

मला उत्तर सुचलं नाही. भाट्याच्या पुलावर तिला शहाळं पाजायचा प्लॅन होता, तोही राहून गेला. रात्री बाबांना फोन केला. कुलपाची चावी कुठे आहे, एवढंच विचारलं. ते आधी चिडले, मग गप्प झाले, मग म्हणाले, कपाटात, वरच्या खणात.

परतीच्या एसटीत आजी झोपली. मी मोबाइलवर पुणे ते अकोला दोन तिकिटं काढली. वेटिंग बासष्ट.