विश्लेषण : तंबाखूच्या पाकिटावरील ८५ टक्के इशारा कसा आला आणि कसा टिकला?

सिगारेट, विडी किंवा तंबाखूच्या पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग आज आरोग्यविषयक इशाऱ्याने व्यापलेला असतो. हा नियम ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिसूचित झाला. मात्र तो अमलात येण्यास दीड वर्ष लागले आणि त्यानंतर एका उच्च न्यायालयाने तो रद्दही केला. तरीही इशारा टिकला, तो डॉक्टर, रुग्ण आणि स्वयंसेवी संस्थांनी देशभर लावून धरलेल्या मोहिमेमुळे.

आधीचा नियम काय होता?

तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा २००३ चा. चित्रमय इशाऱ्याचे पहिले नियम २००६ मध्ये निघाले, पण वारंवार लांबणीवर पडत ते ३१ मे २००९ रोजी लागू झाले. तेव्हा इशारा पाकिटाच्या फक्त पुढच्या बाजूवर, ४० टक्के जागेत असे. खाण्याच्या तंबाखूवर विंचवाचे चित्र होते. विंचू आणि कर्करोग यांचा संबंध अनेकांना लागत नव्हता. २०१४ च्या अधिसूचनेने दोन्ही बाजूंवर ८५ टक्के जागा ठरवली. त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर होता. अंमलबजावणीची तारीख होती १ एप्रिल २०१५.

मग माशी कुठे शिंकली?

लोकसभेच्या दुय्यम विधान समितीने (अध्यक्ष : अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी) नियम रोखण्याची शिफारस केली आणि मार्चअखेर सरकारने तो पुढे ढकलला. तंबाखूमुळे कर्करोग होतो, हे सांगणारा भारतीय अभ्यास नाही, अशी भूमिका गांधी यांनी मांडली. समितीतील एक सदस्य श्यामाचरण गुप्ता हे स्वतः विडी उद्योजक असल्याने हितसंबंधांचा प्रश्नही उपस्थित झाला. उद्योगाचा युक्तिवाद वेगळा होता. तंबाखू उत्पादक शेतकरी व विडी कामगारांचा रोजगार बुडेल, बेकायदा सिगारेटी वाढतील, असे त्याचे म्हणणे होते.

मोहिमेने काय उत्तर दिले?

पहिले उत्तर शास्त्रीय होते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने १९६० च्या दशकापासूनच खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन तोंडाच्या कर्करोगाची पाहणी केली होती. भारतीय अभ्यास नाही, हा दावा त्यामुळे टिकणारा नव्हता.

दुसरे उत्तर रुग्णांचे होते. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्या ‘व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स’ मोहिमेने रुग्णांना थेट लोकप्रतिनिधींसमोर आणि माध्यमांसमोर आणले. मध्य प्रदेशातील भिंडच्या सुनीता तोमर हा त्यातला सर्वांत ओळखीचा चेहरा. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेल्या सुनीता यांची सरकारी जाहिरात देशभर दाखवली जात होती. नियम पुढे ढकलल्याचे कळल्यावर त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून नाराजी कळवली. १ एप्रिल २०१५ रोजी, म्हणजे नियम लागू होणार होता त्याच दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. दोन मुले मागे राहिली.

न्यायालयांत काय घडले?

जुलै २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने नियम लागू करण्याचे निर्देश दिले. सप्टेंबरमध्ये केंद्राने १ एप्रिल २०१६ ही नवी तारीख जाहीर केली. ती तारीख येण्याआधी संसदीय समितीने ५० टक्क्यांची शिफारस केली, पण या वेळी सरकार मागे हटले नाही. मोठ्या सिगारेट कंपन्यांनी काही काळ उत्पादन थांबवले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना नियम पाळण्यास सांगितले आणि विविध न्यायालयांतील याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपवल्या. त्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नियम रद्द केले. आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ८ जानेवारी २०१८ रोजी त्या निकालाला स्थगिती मिळाली.

परिणाम किती झाला?

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील तंबाखू सेवनाचे प्रमाण २००९-१० मधील ३४.६ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २८.६ टक्के झाले. दुसरे सर्वेक्षण मोठा इशारा आल्यानंतर काही महिन्यांतच झाले, त्यामुळे सगळे श्रेय चित्राला देता येणार नाही. मात्र इशारा पाहून व्यसन सोडण्याचा विचार केल्याचे सुमारे ६२ टक्के सिगारेट ओढणाऱ्यांनी, ५४ टक्के विडी ओढणाऱ्यांनी आणि ४६ टक्के धूरविरहित तंबाखू खाणाऱ्यांनी सांगितले. विचार म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. म्हणूनच सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर १८००-११-२३५६ हा मदतीचा निःशुल्क क्रमांकही छापला जाऊ लागला.

पळवाट कुठे आहे?

टपरीवर एकच सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही, त्यामुळे चित्रही नाही आणि मदतीचा क्रमांकही नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट व विडीच्या विक्रीवर बंदी घातली. नियम राजपत्रातून पाकिटावर आणायला दीड वर्ष लागले. तो टपरीपर्यंत पोहोचवण्याचे काम बाकी आहे.