सपाट तळाची होडी घ्यावी की निमुळत्या?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मोटारींच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार सरोवरे' अशी अक्षरे असतात. प्रत्यक्षात दहा एकर वा त्याहून मोठी सरोवरेच ११,८४२ भरतात! मे महिन्याच्या मध्याला वॉलआय माशांचा हंगाम सुरू झाला की ताडपत्रीखाली झाकलेल्या ॲल्युमिनियमच्या होड्या बाहेर निघतात. ज्यांच्याकडे होडी नाही त्यांच्या घरात वाद रंगतो, घ्यायची कोणती?

निवड बहुधा दोहोंतच असते. एक 'जॉन बोट': सपाट तळ, चौकोनी तोंड, बुटक्या कडा. दुसरी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या निमुळत्या तळाची, उंच कडांची.

बारा फुटी जॉन बोट स्वस्त आणि हलकी. दोघांनी उचलून मोटारीच्या टपावर ठेवावी, ट्रेलरची गरज नाही. वीतभर पाण्यातही ती चालते, लव्हाळ्यात शिरते. उभी असताना तर ती निमुळत्या होडीपेक्षा स्थिर वाटते. दुकानात पाय ठेवताच मन तिच्यावर बसते, ते यामुळेच.

पण हा स्थिरपणा पाणी शांत आहे तोवरचा. मिल लॅक्ससारखे विस्तीर्ण पण उथळ सरोवर वारा सुटताच खवळते. तेव्हा सपाट तळ लाटांवर धाडधाड आपटतो आणि बुटक्या तोंडावरून पाणी आत येते. चौदा फुटी निमुळती होडी तीच लाट कापत जाते. ती वजनाने साधारण दुप्पट, तिला ट्रेलर हवा, इंजिनही मोठे हवे. बसताना ती किंचित कलते. मुले बरोबर असतील आणि सरोवर मोठे असेल, तर हा जादा खर्च सोसावाच. घरामागच्या तळ्यापुरतीच हौस असेल, तर मात्र तो उगाच आहे.

माणसे किती?

नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत वीस फुटांखालील मोटार-होड्यांवर किती माणसे, किती वजन आणि किती अश्वशक्ती चालेल, हे सांगणारी पट्टी असते. विकणारा काहीही सांगो, आधी ती पट्टी वाचावी. जुन्या होडीवर पट्टी नसेल तर लांबी-रुंदीचा फुटांतला गुणाकार करून त्याला पंधराने भागावे. बारा बाय चारची होडी असेल तर तिघे, चौदा बाय पाचची असेल तर चौघे. तेही हवा चांगली असताना.

चौघांच्या कुटुंबाचा निकाल इथेच लागतो. मासा गळाला लागला की मुले एका बाजूला धावतात, तेव्हा हा हिशेब किती महत्त्वाचा आहे ते कळते.

जुनी होडी घेताना

ट्रेलरवर असतानाच आत चार बोटे पाणी भरावे आणि खालून पाहावे. सैल झालेला रिव्हेट लगेच ठिबकतो. इंजिन जिथे अडकवतात, त्या मागच्या फळीतले लाकूड कुजलेले नाही ना, हे दाबून, हलवून बघावे. बाकांखालच्या फोमने पाणी शोषले असेल तर होडी जड होते आणि उलटल्यावर नीट तरंगत नाही. रंग द्यायचा तर तांबेयुक्त रंग टाळावा. तो ॲल्युमिनियम खातो.

लाइफ जॅकेटचा खर्च होडीच्याच किमतीत धरावा. मिनेसोटात दहा वर्षांखालील मुलांनी होडी चालू असताना ते घालणे सक्तीचे आहे. मोठ्यांवर घालण्याची सक्ती नाही, आणि नेमके तेच ते बाकाखाली ठेवून देतात. अमेरिकन तटरक्षक दलाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते, की बुडालेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. मे महिन्यात पाणी इतके गार असते की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात.

मिनियापोलिस परिसरातील मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा येतात. नातवंडांना त्यांना होडीतून फिरवायचेच असते. माणसे होतात सहा, पट्टी सांगते चार. अशा वेळी दोन फेऱ्या माराव्यात. पहिल्या फेरीत एक नातवंड, आजी-आजोबा आणि होडी चालवणारा. उरलेल्यांनी तोवर धक्क्यावर बसून गळ टाकावेत.