खाऱ्या हवेतला कॅलिपर

मोटारीच्या ब्रेक कॅलिपरला घरच्या घरी रंग देण्याचे काम सहसा हौशी सजावटीत जमा केले जाते, आणि पठारावरच्या कोरड्या हवेत तसे धरायला फारशी हरकतही नाही. परंतु वसई तालुक्यातल्या सांडोरसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात, जिथे जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा हटत नाही आणि उरलेल्या महिन्यांतही पश्चिमेचा वारा समुद्राचे मीठ घेऊन वाडीपर्यंत येतो, तिथे हेच काम आधी गंजाचा बंदोबस्त ठरते आणि मग शोभा. या भागात एमएच ४८ क्रमांकाची, चार-पाच पावसाळे काढलेली आणि बहुतेक वेळ उघड्या अंगणात उभी राहणारी गाडी घेऊन चाकाच्या आऱ्यांतून आत पाहिले, तर बाहेरचा पत्रा चकचकीत असतानाही कॅलिपर मात्र विटकरी पापुद्र्यांनी भरलेला आढळतो. त्याचे कारण कॅलिपरच्या घडणीतच आहे.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. आणि या तबकडीच्या कडेवर खोगिरासारखा बसवलेला, दोन्ही बाजूंनी पॅड दाबून तिला पकडणारा जो जड भाग, तो कॅलिपर. चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरमध्ये दाबाने येते आणि तिथला पिस्टन पुढे सरकून आतला पॅड डिस्कवर टेकवतो. सामान्य मोटारींत कॅलिपर दोन पिनांवर सरकता असल्याने त्याच दाबाच्या प्रतिक्रियेने तो मागे ओढला जातो आणि बाहेरचा पॅडही डिस्कला भिडतो. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे घेण्यासाठी कुठलीही स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाच्या वेळी किंचित पिळले जाते आणि दाब जाताच पूर्वस्थितीला येताना पिस्टनला केसभर मागे घेते, आणि त्या केसभर अंतरावर ब्रेक मोकळा सुटणे अवलंबून असते. कॅलिपरच्या रंगकामातली बहुतेक पथ्ये समजून घ्यायची तर ही एवढीशी हालचाल आधी ध्यानात घ्यावी लागते.

फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले असले, तरी त्याचा बोलबाला झाला तो १९५३ च्या ल मान्सच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने बाजी मारल्यावर. १९५५ च्या सिट्रोएन डीएसने ते घरगुती मोटारीत आणले. मुंबईकरांना मात्र त्यासाठी बराच काळ थांबावे लागले. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीची झालेली पद्मिनी चारही चाकांवर ड्रम ब्रेकच वापरीत असे, आणि ड्रमच्या आत बंद असलेल्या भागांना रंग देण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पुढच्या चाकांना डिस्क सर्रास आल्या, पाठोपाठ लोखंडी चाकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या जाऊन मोकळ्या आऱ्यांची अलॉय चाके आली, आणि तोवर कुणाच्या नजरेस न पडणारा कॅलिपर रस्त्यावरून दिसू लागला.

रंगाच्या हौसेचा उगम महागड्या वेगवान मोटारींत आहे. पोर्शने तर कॅलिपरच्या रंगाला ओळखपत्राचेच काम दिले आहे, त्यामुळे पिवळा कॅलिपर दिसला की सिरॅमिक डिस्क, पांढरा दिसला की टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली डिस्क आणि पोपटी दिसला की विजेची जोड असलेली गाडी, हे जाणकाराला लांबूनच कळते. लाल रंगाशी जिचे नाव कायमचे जोडले गेले त्या ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा पुण्याजवळ चाकणला कारखाना असून तिथे दुचाकींचे ब्रेक तयार होतात. आपल्या लहान गाडीचा एक पिस्टनचा कॅलिपर लाल केल्याने गाडी लवकर थांबत नाही, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. पण वरून चिकटवायची, खाली साधाच कॅलिपर झाकणारी प्लॅस्टिकची खोटी कवचे बाजारात खपतात त्यावरून ती पडते असे दिसते. ही कवचे उष्णतेने सुटून चाकात अडकण्याची भीती असते आणि त्यांच्या आड ओल साचून गंज उलट जोमाने वाढतो, म्हणून ती टाळलेलीच बरी.

साध्या मोटारीचा कॅलिपर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. कारखान्यात त्यावर जस्ताचा पातळ मुलामा दिलेला असला तरी खडी, चिखल आणि पॅडची धूळ यांच्या माऱ्यात तो फार वर्षे टिकत नाही. पॅडच्या धुळीत लोखंडाचे बारीक कण असतात. ते उष्ण कॅलिपरवर चिकटतात, गंजतात आणि मिठाची ओल स्पंजासारखी धरून ठेवतात. मिठातले क्लोराइड लोखंडाला गंजाच्या थराखालूनही पोखरत राहते, आणि अंगणातली गाडी पुसून स्वच्छ ठेवली तरी तिथवर फडके पोहोचत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा वसईच्या पाचूबंदरासारख्या वस्त्यांतून किनाऱ्याला ओढलेल्या होड्या खरवडून, डागडुजी करून, हंगामापूर्वी पुन्हा रंगवल्या जातात. समुद्राशी ज्यांचा रोजचा संबंध, ते रंगाकडे कसे पाहतात याचा हा चांगला धडा असून, घासण्यावर खर्ची पडलेली मेहनत रंगाच्या डब्यापेक्षा जास्त मोलाची असते हे कॅलिपरलाही तितकेच लागू आहे.

काम सुरू करताना मागच्या चाकांना ठोकळे लावून गाडी जॅकने उचलावी आणि ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावी. बहुतेक जण कॅलिपर जागेवर ठेवूनच रंगवतात, आणि ज्यांना ब्रेकमधली हवा काढण्याचा सराव नाही त्यांनी ऑइलची नळी न सोडलेलीच उत्तम. फक्त कॅलिपर पिनांवरून काढायचा असेल तर तो नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधावा, कारण त्याच्या वजनाने नळीचे आतले अस्तर फाटू शकते. पॅडची कोरडी धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये. पॅडच्या जुन्या लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून धूळ ओली करूनच काढावी.

पाण्याची बाब सांडोरकरांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वसईच्या किनारी पट्ट्यातल्या अनेक विहिरी आणि बोअरवेलचे पाणी मचूळ झालेले आहे, आणि मचूळ पाण्याने धुतलेला कॅलिपर वाळल्यावर मीठ तसेच मागे ठेवतो. त्यावर रंग दिला की रंगाखालचे मीठ ओल ओढून घेते आणि काही महिन्यांत फोड उठतात. त्यासाठी शेवटचे धुणे गोड्या पाण्याचे असावे, मग तारेच्या ब्रशने पापुद्रे उडवावेत, पॉलिश पेपरने कडा घासाव्यात आणि अखेरीस ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट लावलेल्या कापडाने पुसून घ्यावे. गॅरेजमध्ये भाग धुण्यासाठी रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल वापरण्याची जुनी सवय आहे आणि इंजिनाच्या भागांना ती चालूनही जाते, पण ब्रेकला ती घातक ठरते. ब्रेकची सीले ईपीडीएम नावाच्या रबराची असतात, त्यांना खनिज तेल लागले की ती फुगतात, आणि फुगलेले सील पिस्टनला मागे सोडत नाही.

यापुढचा टप्पा कुठे रंग लावायचा नाही हे ठरवण्याचा आहे, आणि कारागिराची खरी परीक्षा तिथेच होते. पिस्टनच्या तोंडावरचे घडीदार रबरी आवरण रंगाने ताठ झाले तर घडीवर चिरते आणि चिरेतून शिरलेले पाणी पिस्टन गंजवते. पिनांवरच्या रबरी टोप्यांचीही तीच गत होते. पॅडचे कान ज्या खाचांत सरकतात तिथली मोकळीक मिलिमीटरच्या काही दशांशाएवढीच असते. दोन-तीन थर रंग त्या खाचेत साचला तर पॅड अडकतो, पेडल सोडल्यावरही डिस्कला घासत राहतो, चाक तापते आणि गाडीचे अॅव्हरेज घटते. ऑइल नळीच्या जोडावर तांब्याच्या वायसरांची बैठक असते आणि हवा काढायच्या निप्पलचे तोंड बारीक असते, त्यामुळे दोन्ही झाकावीत. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर रंगाचा शिंतोडाही उडता कामा नये. या सर्वांपेक्षा सहज नजरेतून निसटणारी जागा म्हणजे कॅलिपरचा ब्रॅकेट ज्या सपाट भागावर बोल्टने आवळला जातो ती बैठक: तिथे रंग राहिला तर उष्णतेने आणि दाबाने तो पुढे चेपला जातो, तितका बोल्टचा ताण उतरतो आणि नीट आवळलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो. चाक जिथे हबला टेकते त्या चकतीचेही असेच आहे. मास्किंग टेपचे लहान तुकडे करून, बोटाच्या नखाने कडा दाबत या जागा झाकायला रंग देण्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

रंग निवडताना दोन शत्रू डोळ्यांसमोर ठेवावे लागतात, उष्णता आणि ब्रेक ऑइल. गायमुखच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात सतत ब्रेक लावल्यावर डिस्क कित्येक शे अंश सेल्सिअसपर्यंत तापते, मात्र कॅलिपर तिच्यापेक्षा बराच थंड राहतो. तरीही घराच्या खिडकीला लावायचा ऑइलपेंट तिथे पिवळा पडून सोलवटतो. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारचे ब्रेक ऑइल ग्लायकोल इथरचे असते आणि साध्या स्प्रे रंगाला ते थिनरसारखे विरघळवते. सिलिकॉनवर आधारलेले उष्णतारोधक रंग उष्णता सोसतात, पण त्यांना पक्के होण्यासाठी ठरावीक तापमानात भाजावे लागते, आणि रबरी सीले बसवलेला कॅलिपर भट्टीत घालता येत नाही. त्यामुळे घरच्या कामाला ब्रशने लावायचा, रंग आणि हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा रंग अधिक योग्य ठरतो, कारण तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो. मिसळल्यानंतर तो ठरावीक काळच वापरता येतो, आणि पॉलियुरेथेन प्रकारच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असल्याने साध्या कापडी मास्कवर भागत नाही. उघड्या जागी, योग्य गाळणीच्या मास्कसहच त्याचे काम करावे. कॅलिपर अॅल्युमिनियमचा असेल तर गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसते आणि त्याला धातूला चावणारा वेगळा प्राइमर लागतो.

या कामाचा हंगाम इथे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी असा धरावा. त्यातही पहाटे लोखंड हवेपेक्षा थंड असते आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे दव धरते, म्हणून ऊन चढून धातू कोमट झाल्यावर ब्रश उचलावा. रंगकामाच्या नियमाप्रमाणे धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असायला हवे. पावसाळ्यात हे साधणे जवळजवळ अशक्य असते, शिवाय हवेतली ओल हार्डनरशी क्रिया करून रंगात बारीक बुडबुडे सोडते. घासलेले बीड या हवेत काही तासांतच पुन्हा पिवळे पडू लागते, त्यामुळे ज्या दिवशी घासणे त्याच दिवशी पहिला थर, हा क्रम मोडता येत नाही. पहिला थर पातळ, जवळजवळ पारदर्शक दिसला तरी चालतो. जाड थर खोलगट जागी ओघळून वरून सुकतो आणि आतून मऊ राहतो. मागच्या चाकांना ड्रम असतील, जे आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत असतात, तर त्यांना काळा किंवा राखाडी रंग द्यावा. लाल ड्रम उगाच डोळ्यांत खुपतो.

हाताला कोरडा लागणारा रंग पक्का झालेला असतोच असे नाही, त्यामुळे डब्यावर सांगितलेला अवधी संपेपर्यंत गाडी हलवू नये. टेप काढल्यावर पिनांना रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावावे, बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाला आवळावेत, आणि पिस्टन मागे ढकलला असेल तर गाडी जागेवरून हलण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे, कारण पहिले एक-दोन दाब पोकळ जातात. सुरुवातीच्या फेरीनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले आहे का ते पाहावे. तसे आढळल्यास त्या चाकाच्या खाचा आणि पिना पुन्हा उघडून तपासाव्यात. पुढच्या ऑक्टोबरात चाके काढून पाहताना रंग प्रथम उडालेला दिसतो तो खडी लागणाऱ्या पुढच्या कडेवर आणि पिनांच्या आसपास. तेवढाच भाग धातूपर्यंत घासून, कडा उतरत्या करून त्याच रंगाचा हात दिला, तर संपूर्ण कॅलिपर पुन्हा खरवडण्याची वेळ अनेक पावसाळे लांबते.