पत्र्यांतून तुकडा सुटतो कसा?

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी मागील पावसाळ्यांत आम्हांस भेटावयास आला होता. पुण्याजवळ पत्र्याचें काम करणाऱ्या एका लहानशा कारखान्यांत तो नोकरीस आहे. चहा घेतांना त्यानें डावा हात खिशांतून बाहेर काढलाच नाहीं, म्हणून आम्हीं विचारलें. तेव्हां कळलें कीं, त्या हाताच्या दोन बोटांचीं टोंकें प्रेसखालीं गेलीं. पत्रा कापतांना हात पुढें गेला असेल, असें आम्हांस वाटलें. "नाहीं सर, कापून झालें होतें," तो म्हणाला, "तुकडा अडकला होता, तो काढावयास गेलों."

हें उत्तर आमच्या मनांतून जाईना. कापण्याचें काम यंत्र करितें, आणि आवाज व ठिणग्या तेथेंच असल्यामुळें पाहणाराचें सगळें लक्षही तेथेंच असतें. कापलेला तुकडा उरलेल्या पत्र्यापासून वेगळा कसा होतो, तो उचलावयाचा कसा, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक माणसाचा हात यंत्राच्या तोंडांत जातो तो बहुधा पत्रा आंत घालण्यासाठीं किंवा तुकडा बाहेर काढण्यासाठीं. म्हणून या सुटण्याच्या विद्येविषयीं थोडें लिहावें असें योजिलें आहे.

आमच्या बालवाचकांनीं प्रथम आपल्या स्वयंपाकघरांत जावें. आई मोठी पोळी लाटते व वाटीनें पुऱ्या पाडते. वाटी दाबली कीं पुरी सुटली, असें नेहमींच होत नाहीं. कधीं ती वाटींत अडकून वर येते, कधीं पोळपाटास चिकटून बसते, तर कधीं कडेच्या एका बारीकशा दुव्यानें उरलेल्या कणकेस धरून राहते. पोलादी पत्र्याच्या कारखान्यांतही याच तीन अडचणी आहेत. भेद इतकाच कीं, उरलेली जाळी आई पुन्हां मळून लाटते. लोखंडाची जाळी मात्र भंगारांत जाते. (वर्तुळें सरळ रांगांनीं पाडलीं तर कडा सोडून शेंकडा सुमारें 78.5 भाग पत्रा कामीं येतो, आणि एका रांगेच्या खांचेंत दुसरी रांग बसविली तर 90.7. भूमितीच्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.)

आतां प्रेसकडे वळूं. खालीं भोक असलेली डाय, वर तिच्यांत उतरणारा पंच, व मध्यें पत्रा. पत्रा काकडीसारखा आरपार कापला जातो अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नव्हे. पंच थोडा आंत शिरतो, मग वरच्या व खालच्या धारेपासून भेगा निघून एकमेकींस मिळतात आणि तुकडा तुटतो. म्हणूनच त्याच्या कडेचा कांहीं भाग गुळगुळीत व चकचकीत, तर कांहीं खरबरीत असतो, आणि एका अंगास बारीक, धारदार कंगोरा राहतो. कारागीर त्यास 'बर' म्हणतात. ती कानशीनें काढली नाहीं तर बोट चिरल्यावांचून राहत नाहीं.

भोक पडतें त्याच क्षणीं पत्रा किंचित् आकसून पंचास घट्ट धरतो. पंच वर निघाला कीं पत्राही त्याबरोबर वर येऊं पाहतो. त्यास अडविण्यासाठीं पंचाभोंवतीं 'स्ट्रिपर' नांवाची पट्टी बसवितात; पंच तिच्यांतून वर सरकतो, पत्रा मात्र खालींच राहतो. खालीं पडावयाचा तुकडाही कधीं कधीं तेलामुळें पंचाच्या तोंडास चिकटून वर येतो. मग पुढच्या ठोक्यास दोन जाडी एके ठिकाणीं येतात व डाय फुटण्याचें भय असतें. याकरितां पंचाच्या पोटांत स्प्रिंगची लहानशी खुंटी ठेवितात. ती तुकड्यास ढकलून देते.

परंतु कांहीं डायांत आरपार भोक नसतें. तुकडा आंतच पडून राहतो, आणि हात जातो तो तेथें. अशा डायेंत खालून तुकडा उचलणारी खुंटी असावी, वाऱ्याच्या झोतानें तो बाहेर उडावा, निदान चिमट्यानें काढावा. शिवाय प्रेस चालविण्यास दूर दूर बसविलेलीं दोन बटणें असतात. दोन्ही एकदम दाबल्यावांचून पंच खालीं येत नाहीं. अर्थात् त्या वेळीं दोन्ही हात बाहेर असतात. आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्रासही अशीं दोन बटणें होतीं, पण एकांत लांकडी पाचर मारलेली होती. ती कोणीं मारली, असें आम्हीं विचारलें. तो खालीं पाहून म्हणाला, "मींच, सर. नगावर पैसे मिळतात. सगळेच मारतात." पाचर त्यानें मारली हें खरें, परंतु ती रोज पाहून न पाहिल्यासारखें करणारा मालक आमच्या मतें अधिक दोषी होय.

लेसर किरणांनीं कापण्याच्या यंत्रांत डाय नसते. किरण पत्र्यास वितळवितो व वायूचा झोत तो रस खालीं उडवितो. येथें निराळीच अडचण उभी राहते. पत्रा दांतेरी पट्ट्यांवर ठेवलेला असतो. सुटलेला तुकडा त्यांच्या फटींत कलंडला, तर त्याची एक कड वर येते आणि वेगानें धांवणारें यंत्राचें डोकें तीवर आदळतें. म्हणून तुकडा पूर्ण कापीतच नाहींत. कडेवर एक मिलिमीटरहूनही अरुंद असे दोनचार दुवे राखून ठेवितात. सर्व पत्रा कापून झाल्यावर तो हालविला किंवा हलकेच ठोकला म्हणजे तुकडे सुटतात, व राहिलेला खुंट घासून काढितात. दुवा जाड राहिला तर हातोडीच्या घावांनीं तुकडा वांकतो, फार बारीक राहिला तर आधींच तुटतो. टपालाच्या तिकिटांचें भोंकांचें कामही याच जातीचें. इंग्लंडांत 1840 सालीं पहिलीं तिकिटें निघालीं तीं कातरीनें कापावीं लागत. भोंकें पाडलेलीं तिकिटें तेथें 1854 पासून सर्रास मिळूं लागलीं.

उचलण्याविषयीं दोन शब्द. अडीच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद व तीन मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचें वजन सुमारें 74 किलो भरतें. असा पत्रा रबरी चकत्या लावून व त्यांखालील हवा ओढून उचलितात. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चकतींतील निम्मी हवा काढली तर बाहेरच्या हवेचा दाब हिशेबानें सुमारें 40 किलो पेलतो. तथापि पत्रा हेलकावतो, कडेनें हवा शिरते, म्हणून प्रत्यक्ष भार निम्माच धरितात.

पातळ पत्र्यांची गोष्ट वेगळी. तेलामुळें ते एकमेकांस असे चिकटतात कीं एक उचलावा तों दोन येतात. येथें चुंबकाचा उपयोग फार सुंदर आहे. पोलादी पत्र्यांच्या चळतीच्या कडेस चुंबक लाविला कीं सर्व पत्र्यांच्या त्या कडेस एकच ध्रुव उत्पन्न होतो. सजातीय ध्रुव एकमेकांस दूर लोटतात, आणि वरचे पत्रे वहीच्या पानांसारखे आपोआप सुटे होतात. अल्युमिनियमवर ही युक्ति चालत नाहीं. तेथें कोपरा किंचित् वाकवून मध्यें हवा फुंकावी लागते.

हें सांगत असतां आम्हीं प्रयोगशाळेंतून एक चुंबक आणिला व त्याच्या एकाच टोंकास दोन सुया शेजारीं शेजारीं लोंबत्या ठेविल्या. त्यांचीं खालचीं टोंकें एकमेकींपासून दूर झालीं. विद्यार्थी हंसला, हा प्रयोग त्यानें याच खोलींत केला होता. प्रेसवरून काढून त्यास आतां पत्रे सुटे करण्याच्या कामावर घेतलें आहे. त्याच्या कारखान्यांत चुंबक अद्याप आलेला नाहीं. तेथें तो पत्र्याची कड उजव्या हाताच्या नखानेंच सोडवितो.